अकादमीतल्या खेळाडूचे भवितव्य कसे वाचावे: आर्सेनलच्या हेल एंडची उदाहरणे

१८ सप्टेंबर २०२२ रोजी ब्रेंटफर्डच्या मैदानावर सामना भरपाई वेळेत पोहोचला असताना लंडनच्या आर्सेनल क्लबने ईथन न्वानेरी या मुलाला मैदानात उतरवले. त्याचे वय त्या दिवशी १५ वर्षे १८१ दिवस होते आणि इतक्या लहान वयाचा खेळाडू प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, त्याआधी कधीही खेळला नव्हता. आर्सेनलचे पाठीराखे ‘याला सकाळी शाळा आहे’ असे गात यजमानांना चिडवत होते. (वास्तविक दुसऱ्या दिवशी राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीनिमित्त इंग्लंडभर सुट्टी होती, त्यामुळे शाळा नव्हतीच.) त्या दिवशी ज्यांनी न्वानेरीला उद्याचा तारा ठरवले, त्यांना तो प्रीमियर लीगमध्ये पुन्हा दिसला तो थेट ११ फेब्रुवारी २०२४ रोजी, वेस्ट हॅमविरुद्ध, म्हणजे जवळजवळ १७ महिन्यांनी.

युरोपीय फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या मराठी वाचकाला क्लबमधल्या होतकरू मुलांविषयी कुतूहल वाटते, परंतु त्यांच्याविषयीची बहुतेक माहिती त्याच्यापर्यंत गोलांच्या छोट्या चित्रफितींतून आणि विक्रमांच्या बातम्यांतून येते. या दोन्हींवरून मुलगा गुणी आहे एवढेच कळते. तो गुणी असतोच, अन्यथा त्या अकादमीत टिकला नसता. त्याला खेळायला जागा कोठे आहे, हा खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर शोधण्याची एक रीत पुढे पायरीपायरीने दिली आहे. उदाहरणे आर्सेनलची घेतली आहेत, कारण या क्लबची अकादमी गेल्या काही वर्षांत सर्व प्रकारच्या नशिबांची मुले देऊन बसली आहे. रीत मात्र कोणत्याही क्लबला लावता येईल.

पहिली पायरी: मुलगा कोणत्या इमारतीत आहे ते पाहावे

आर्सेनलची लहान मुलांची अकादमी पूर्व लंडनच्या वॉल्थमस्टो भागात असून तिला हेल एंड म्हणतात. लियम ब्रेडी यांनी १९९६ पासून २०१४ पर्यंत क्लबच्या युवा विभागाची धुरा सांभाळली, आणि २०१८ मध्ये क्लबचा माजी कर्णधार पर मर्टेसॅकर याच्याकडे अकादमीची सूत्रे आली. इंग्लंडमध्ये क्लबला नऊ वर्षांखालील गटापासून मुलांची नोंदणी करता येते. तेव्हापासून सोळाव्या वर्षापर्यंत मुले हेल एंडला सराव करतात. त्यानंतर निवडक मुलांना दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळते आणि ती लंडन कोलनी येथील केंद्रात, जेथे मुख्य संघही सराव करतो, दाखल होतात. वयाची सतरा वर्षे पूर्ण झाल्यावरच व्यावसायिक करार करता येतो.

त्यामुळे ‘आर्सेनलचा तरुण खेळाडू’ असे कोणी म्हटले की तो १८ वर्षांखालील संघात आहे, २१ वर्षांखालील संघात आहे, की मुख्य संघाबरोबर रोजचा सराव करतो आहे, हे आधी विचारावे. पहिल्या गटाचे सामने वयोगट लीगमध्ये आणि एफए युथ कपमध्ये होतात, दुसऱ्या गटाचे प्रीमियर लीग २ नावाच्या स्पर्धेत. चॅम्पियन्स लीगला, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेला, पात्र ठरलेल्या क्लबांच्या मुलांसाठी युएफा युथ लीगही असते. तिसऱ्या गटातील मुलाचे नाव अनेकदा कोणत्याच सामन्याच्या गुणफलकावर नसते, तरी तोच दारात सर्वांत जवळ उभा असतो.

दुसरी पायरी: जन्मतारीख नीट लिहून घ्यावी

वय वर्षांत सांगून भागत नाही. इंग्लंडमधील वयोगट शालेय वर्षाप्रमाणे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे मोजले जातात. हेल एंडमधून आलेल्या बुकायो साकाचा जन्म ५ सप्टेंबर २००१ चा, म्हणजे तो आपल्या गटात वयाने जवळजवळ सर्वांत मोठा. माइल्स लुईस-स्केली (२६ सप्टेंबर २००६) आणि न्वानेरी (२१ मार्च २००७) हे एकाच वर्गातले. दहा-बारा वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांचा फरक उंचीत, ताकदीत आणि वेगात लगेच दिसतो, आणि प्रशिक्षक कितीही अनुभवी असला तरी त्या फरकाला तो कधी कधी कौशल्य समजून बसतो.

याचे बोचरे उदाहरण आर्सेनलच्याच दप्तरी आहे. २८ जुलै १९९३ रोजी जन्मलेला, म्हणजे आपल्या गटात वयाने जवळजवळ सर्वांत लहान असलेला हॅरी केन आठ-नऊ वर्षांचा असताना या अकादमीत होता आणि क्लबने त्याला एका हंगामानंतर सोडून दिले. पुढे तो शेजारच्या प्रतिस्पर्धी टॉटनहॅमचा आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचाही सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. आर्सेनलच्या पाठीराख्यासमोर हा विषय जपून काढावा.

म्हणून मुलगा स्वतःच्या गटात खेळतो आहे की वरच्या गटात, हे टिपून ठेवावे. ३१ डिसेंबर २००९ रोजी जन्मलेला मॅक्स डाउमन हा न्वानेरीच्या वर्गाच्या तीन वर्षे मागचा, तरीही तो २३ ऑगस्ट २०२५ रोजी लीड्सविरुद्ध मुख्य संघातून उतरला, त्याने पेनल्टी मिळवून दिली, आणि त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला स्लाव्हिया प्रागविरुद्ध खेळून चॅम्पियन्स लीगच्या इतिहासातील सर्वांत लहान खेळाडू ठरला. समवयस्कांमध्ये गोल करणाऱ्यापेक्षा मोठ्यांमध्ये चेंडू न गमावणाऱ्या मुलाची नोंद अधिक मोलाची मानावी.

तिसरी पायरी: युवा स्पर्धांचे निकाल बेताने वाचावेत

नवखा प्रेक्षक येथेच सर्वाधिक फसतो. आर्सेनलने एफए युथ कप शेवटचा जिंकला २००९ मध्ये, आणि त्या संघातला जॅक विल्शेअर खरोखर मोठा झाला. मात्र संघाचा कर्णधार जे इमॅन्युएल-थॉमस पुढे अनेक क्लब फिरत २०२२ मध्ये आपल्याकडे, इंडियन सुपर लीगमधील जमशेदपूरकडे खेळायला आला. याउलट २०२३ च्या अंतिम सामन्यात विल्शेअरच्याच प्रशिक्षणाखालील आर्सेनलच्या मुलांना वेस्ट हॅमने ५-१ असे धुतले, आणि त्या पराभूत संघात न्वानेरी आणि लुईस-स्केली दोघेही होते.

चिडो ओबीने १६ वर्षांखालील संघाकडून लिव्हरपूलविरुद्ध एकाच सामन्यात १० गोल केले होते. असा आकडा वाचला की भान सुटते. परंतु तो मुलगा २०२४ मध्ये आर्सेनल सोडून मँचेस्टर युनायटेडला गेला, त्यामुळे आर्सेनलच्या दृष्टीने त्या १० गोलांचा उपयोग आठवणीपुरताच उरला.

चौथी पायरी: त्याच्या जागेवर कोण बसले आहे ते शोधावे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण अकादमीतल्या मुलाचे भवितव्य त्याच्या पायांइतकेच दुसऱ्याच्या पायांवर अवलंबून असते. एक कागद घ्यावा, मुख्य संघाच्या अकरा जागा मांडाव्यात, प्रत्येक जागेवर पहिला आणि दुसरा पर्याय लिहावा, त्यांचे वय आणि कराराची अखेर नोंदवावी. ज्या चौकटीत दोन्ही नावे तिशीकडे झुकलेली, वारंवार दुखापत होणारी किंवा विक्रीच्या चर्चेतली असतील, ती चौकट दार समजावी.

साकाचेच पाहा. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी युरोपा लीगमध्ये युक्रेनच्या व्होर्स्क्ला पोल्टाव्हा संघाविरुद्ध सतराव्या वर्षी त्याने पदार्पण केले, ते विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, म्हणून. पण २०१९-२० च्या हंगामात संघाचे लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचे बचावपटू, दुखापतीने बाजूला पडले आणि या मुलाला बचावफळीत उभे करण्यात आले. त्याने तक्रार न करता ती जागा सांभाळली, प्रशिक्षकाचा विश्वास कमावला, आणि मग आपल्या मूळ कामाकडे, आघाडीच्या उजव्या बाजूला, परतून तेथून हललाच नाही. पाच वर्षांनी लुईस-स्केली त्याच दारातून आत आला. अकादमीत तो मधल्या फळीत खेळायचा. २०२४-२५ मध्ये रिकार्डो कालाफिओरीसह लेफ्ट बॅकच्या जागेवरील मंडळी आळीपाळीने जायबंदी झाली आणि प्रशिक्षक मिकेल आर्टेटाने त्याला तेथे बसवले. २ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याने मँचेस्टर सिटीविरुद्ध ५-१ अशा विजयात गोल केला आणि मार्चमध्ये इंग्लंडकडून पदार्पणातच अल्बानियाविरुद्ध गोल नोंदवला. दोन वेगवेगळी मुले, दोन वेगवेगळ्या शैली, आणि दोघांचाही प्रवेश अशा जागेवरून जी दोघांपैकी एकाचीही नव्हती. एकाहून अधिक जागांवर खेळू शकणाऱ्या मुलाच्या नावापुढे म्हणूनच मी नेहमी एक खूण करून ठेवतो.

उघडलेले दार बंदही होते. पुढच्या हंगामात कालाफिओरी तंदुरुस्त राहिला, पिएरो हिंकापिएही आला, आणि लुईस-स्केलीची खेळण्याची मिनिटे घटली. न्वानेरीची कथा याच वळणाची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये साकाचा मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू दुखावला, उजवी बाजू रिकामी झाली, आणि न्वानेरीने त्या हंगामात सर्व स्पर्धा मिळून ९ गोल केले. उन्हाळ्यात त्याने नवा दीर्घ करार केला. पण त्याच उन्हाळ्यात क्लबने नोनी मादुएके आणि एबेरेची एझे यांना विकत घेतले. परिणामी जानेवारी २०२६ मध्ये त्याला फ्रान्सच्या मार्सेल क्लबकडे लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी उसना, जावे लागले. मुलगा सहा महिन्यांत बिघडला नव्हता, त्याच्या चौकटीत नावे वाढली होती. म्हणून मोठी खरेदी झाली की आपला कागद पुन्हा काढावा आणि त्या खरेदीने कोणत्या मुलाची रांग लांबली ते पाहावे.

गोलरक्षकांची गणिते निराळी असतात. तेथे जागा एकच आणि बदल विरळा. एमिलियानो मार्टिनेझ २०१० मध्ये सतराव्या वर्षी अर्जेंटिनातून आर्सेनलमध्ये आला, सहा क्लबांत लोनवर फिरला, आणि दहा वर्षांनी अॅस्टन व्हिलाला गेला. २०२२ चा विश्वचषक त्याने जिंकला तो त्यानंतर. गोलरक्षकाबाबत पंचविशीपर्यंत मत बनवू नये.

पाचवी पायरी: मिनिटे मोजावीत, आणि ती कोणत्या प्रकारची तेही लिहावे

सामन्यांची संख्या फसवी असते. ३-० अशी आघाडी असताना अखेरच्या दोन मिनिटांसाठी उतरणे आणि बरोबरीत अडकलेल्या सामन्यात साठाव्या मिनिटाला उतरणे, या दोन्हींची नोंद ‘एक सामना’ अशीच होते. ब्रेंटफर्डमध्ये न्वानेरी पहिल्या प्रकाराने उतरला होता. आपल्या वहीत तीन रकाने करावेत: सुरुवातीच्या अकरांत, निकाल ठरलेला नसताना बदली म्हणून, आणि निकाल ठरल्यानंतर बदली म्हणून. लीग कपमधील खालच्या श्रेणीच्या संघाविरुद्धची मिनिटे वेगळ्या शाईने लिहावीत. सात-आठ महिन्यांत मधला रकाना भरू लागला, तर प्रशिक्षक त्या मुलावर भरवसा टाकू लागला असे समजावे. कोणत्याही मुलाखतीपेक्षा हा पुरावा भक्कम असतो.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेच्या काळात संध्याकाळी साडेसातला आणि ऑक्टोबरअखेर घड्याळे मागे गेल्यावर रात्री साडेआठला सुरू होतो. आठवड्याच्या मधले सामने मध्यरात्रीनंतर असतात, आणि तरुणांना संधी बहुधा तेथेच मिळते, म्हणजे लीग कपमध्ये किंवा युरोपीय स्पर्धेतील हलक्या सामन्यात. सगळे जागून पाहणे नोकरदाराला जमत नाही. सकाळी संघयादी आणि बदलीची मिनिटे पाहून वही भरली तरी पुरते.

सहावी पायरी: लोनचा अर्थ लावावा

लोन म्हणजे खेळाडूला ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबला उसना देणे. नवख्याला ती हकालपट्टी वाटते आणि उत्साही पाठीराख्याला ती उच्च शिक्षणाला पाठवणी वाटते; प्रत्यक्षात ते तेथे किती खेळायला मिळाले यावर ठरते. एमिल स्मिथ रो २०१९ मध्ये जर्मनीच्या लाइपझिगला गेला आणि दुखापतीमुळे जेमतेम खेळला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या श्रेणीतल्या हडर्सफील्डला गेला, तेथे नियमित खेळला, वेस्ट ब्रॉमविरुद्ध त्याच्या गोलने तो संघ श्रेणीत टिकला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चेल्सीविरुद्ध आर्सेनलच्या मुख्य संघात त्याने जागा मिळवली. मोठ्या नावाच्या क्लबने जे दिले नाही ते खालच्या श्रेणीतल्या गरजू क्लबने दिले.

सर्ज नाब्रीची गोष्ट उलट बाजूची. २०१५-१६ मध्ये तो वेस्ट ब्रॉमला गेला आणि लीगमध्ये अवघा एकदा, तोही बदली म्हणून, खेळला. पुढच्या उन्हाळ्यात रिओ ऑलिंपिकमध्ये जर्मनीकडून त्याने सहा गोल केले, आर्सेनलने त्याला वेर्डर ब्रेमेनला विकले, आणि २०२० मध्ये तो बायर्न म्युनिकबरोबर चॅम्पियन्स लीग विजेता झाला. लोन फसली ती प्रशिक्षकाला तो खेळाडू नको होता म्हणून, हे आज दिसते. त्या वेळी मात्र मुलगाच कमी पडला असा समज झाला होता. तेव्हा लोनची बातमी आली की त्या क्लबच्या प्रशिक्षकाने त्याला मागितले होते का, आणि त्या जागेवर तेथे आधीपासून कोण आहे, हे दोन प्रश्न विचारावेत.

यशस्वी लोननंतर मुलगा परत येईलच असेही नाही. फोलारिन बालोगनने २०२२-२३ मध्ये फ्रान्सच्या रॅन्सकडून लीगमध्ये २१ गोल केले आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो मोनाकोला विकला गेला. जो विलॉकने २०२१ मध्ये न्यूकॅसलकडून सलग सात लीग सामन्यांत गोल केले आणि न्यूकॅसलनेच त्याला विकत घेतले. असे का होते, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे.

सातवी पायरी: क्लबची वही उघडून पाहावी

क्लबने एखादा खेळाडू ५ कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर तो खर्च ताळेबंदात दरवर्षी १ कोटी असा पसरतो. दोन वर्षांनी त्याला विकले, तर ताळेबंदात अजून ३ कोटींची किंमत शिल्लक असते आणि नफा त्या रकमेच्या वर जे मिळेल तेवढाच. अकादमीत वाढलेल्या मुलाची खरेदी किंमत शून्य असल्यामुळे त्याच्या विक्रीतून आलेला जवळजवळ प्रत्येक पौंड नफा म्हणून नोंदतो. खर्चावर नियमांची मर्यादा असलेल्या लीगमध्ये ही मुले म्हणूनच विक्रीसाठी सोयीची ठरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आर्सेनलने स्मिथ रोला फुलहॅमला आणि एडी एनकेटियाला क्रिस्टल पॅलेसला विकले. दोघेही हेल एंडचे, दोघेही मुख्य संघात खेळलेले, आणि दोघेही दुसऱ्या पर्यायाच्या रांगेत.

याच वहीत उलट वजनही आहे. प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत ‘घरचे’ नसलेले खेळाडू जास्तीत जास्त १७ असू शकतात. ‘घरचा’ म्हणजे राष्ट्रीयत्व कोणतेही असो, एकविशीपर्यंत तीन हंगाम इंग्लंड किंवा वेल्समधील क्लबकडे नोंदलेला. युरोपीय स्पर्धांच्या यादीत तर देशात घडलेल्यांसाठीच्या आठांपैकी चार जागा स्वतःच्याच क्लबमध्ये घडलेल्यांसाठी राखीव असतात आणि त्या भरल्या नाहीत तर रिकाम्या राहतात. त्यामुळे अकादमीतला भरवशाचा राखीव खेळाडू क्लबला हवा असतो, फक्त फार महाग पगारावर नको असतो. मुलगा विसाव्या-एकविसाव्या वर्षी पोहोचला, कराराची दोनच वर्षे उरली आणि वाढीव कराराची बातमी येत नाही, असे दिसले की विक्रीची शक्यता धरावी.

आठवी पायरी: शरीराची नोंद ठेवावी

येथे फार सांगण्यासारखे नाही, पण सोडूनही चालत नाही. विल्शेअर १६ वर्षे २५६ दिवसांचा असताना आर्सेनलकडून लीगमध्ये उतरला, एकोणिसाव्या वर्षी त्याने बार्सिलोनाविरुद्धच्या सामन्यात मधली फळी गाजवली, आणि पुढचा २०११-१२ चा अख्खा हंगाम घोट्याच्या दुखापतीने गेला. त्याने २०२२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. वाढत्या वयात एकाच अवयवाला दुसऱ्यांदा इजा झाल्याची नोंद दिसली, तर बाकी सर्व रकाने कितीही चांगले असोत, त्या मुलाविषयीचे मत पेन्सिलीने लिहावे.

वहीचे एक पान कसे भरावे

नमुन्यादाखल डाउमनचे पान घ्यावे. वर जन्मतारीख, म्हणजे ३१ डिसेंबर २००९. जागा: आघाडीची उजवी बाजू आणि मधल्या फळीचा पुढचा भाग. त्या जागांवर पुढे असलेली नावे: साका, मादुएके, मार्टिन ओडेगार्ड, एझे. ही यादी पाहिली की कौतुकाचा सूर आपोआप खाली येतो, कारण यांपैकी कोणीही उतरणीला लागलेला नाही. मिनिटांचे तीन रकाने रिकामे सोडावेत आणि प्रत्येक सामन्यानंतर भरावेत. लोनचा रकाना कोरा. दुखापतीचा रकाना तारखेसह. कराराच्या रकान्यात सध्या एकच ओळ लिहावी: ३१ डिसेंबर २०२६ रोजी तो सतरा वर्षांचा होतो आणि त्या दिवसापासून त्याला व्यावसायिक करारावर सही करता येते. त्यापुढची ओळ खेळाडूंच्या जानेवारीतील खरेदी-विक्रीची मुदत संपल्यावर लिहावी.